विज्ञान येते, शिकविता येते काय?

वसई-विरारमधील विज्ञान शाखेच्या अनेक विद्यार्थ्यांचा दिवस महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सुरू होतो आणि शिकवणीवर्गातील फळ्यापुढे संपतो. पदवी हाती येण्यापूर्वीच ते शिक्षक झालेले असतात. मात्र शिकवावे कसे, हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. ते पुढे, बी.एड.ला गेल्यास. तोवर त्यांचे प्रयोग चालतात ते नववी-दहावीच्या मुलांवर.

हातातील मोबाइल ही उणीव भरून काढील, अशी आशा आता व्यक्त होते. ती निराधार नव्हे. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या ‘फेट’ प्रकल्पामुळे विद्युतमंडल पडद्यावरच जोडता येते. पण एकसर जोडलेल्या दोन सारख्या दिव्यांपैकी पहिला वीज ‘खातो’, म्हणून दुसरा मंद पेटतो, असे मुलांना वाटत असते. दोन्ही सारखेच उजळलेले नुसते दाखविले म्हणजे ही समजूत जाते काय? आधी मुलांकडून अंदाज वदवून घ्यावा लागतो, मग दिवे लावावे लागतात, आणि मग शिक्षकाला थोडा वेळ गप्प राहावे लागते. हे गप्प राहणे पडदा शिकवीत नाही.

१९६३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापनाची पद्धत आकारास आली. एकच कौशल्य, मोजकी मुले, काही मिनिटांचा पाठ. ध्वनिचित्रफितीत स्वतःला पाहून तोच पाठ पुन्हा. भारतात एनसीईआरटीने त्याचे ३६ मिनिटांचे चक्र बसविले: पाठ ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनःपाठ ६, पुन्हा प्रत्याभरण ६. चित्रफितीचे यंत्र मात्र आपल्याकडे बहुतेकांना परवडणारे नव्हते. तिची जागा सहाध्यायांच्या टिपणांनी घेतली. आणि सहाध्यायी सहसा मन दुखावेल असे लिहीत नाहीत.

ते यंत्र आज विरार लोकलच्या गर्दीत प्रत्येकाच्या खिशात आहे. बाकावर टेकवून ठेवल्यास, प्रश्न विचारून उत्तरही आपणच दिले की मुलांना अवधी दिला, हे ते निमूटपणे दाखवील. शाळकरी मुलांचे चित्रण करण्याचे कारण नाही. समोर वर्गमित्र बसले तरी पुरते.

वसई रोडच्या वर्तक किंवा विरारच्या विवा महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे. शेवटच्या वर्षाला आठवड्यातून एक तास यासाठी मिळाला, तर नवे अनुदान लागणार नाही. लागेल तो प्राध्यापकाचा वेळ. चित्रण पाहताना शेजारी बसून ‘येथे थांबायला हवे होते’, असे सांगणारे कोणी नसेल, तर विद्यार्थी त्यात आपला शर्ट आणि आपला आवाज एवढेच पाहील.