उष्णतामानातील फरक : फॅरनहाइटचा सेल्सिअस कसा करावा?

कोंबडीपालनाच्या जुन्या पुस्तिकांत पिलांना ऊब देण्याचा नियम फॅरनहाइट अंशांत दिलेला आढळतो. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ९५ अंश उष्णतामान ठेवावे व पुढे दर आठवड्यास ते ५ अंशांनी उतरवावे, असा तो नियम आहे. आज हाती असलेला उष्णतामापक मात्र बहुधा सेल्सिअसचा असतो. ९५ अंश फॅरनहाइट म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, हे कोष्टक पाहून सांगता येते. परंतु ‘५ अंशांनी उतरवावे’ याचे काय करावयाचे, येथे पुष्कळांची गफलत होते.

कोणी कोष्टकात ५ अंश फॅरनहाइट शोधतो. तेथे उणे १५ अंश सेल्सिअस असे उत्तर मिळते आणि ते निरर्थक असल्याचे लगेच कळते. दुसरा कोणी ते ५ अंश तसेच सेल्सिअसचे धरतो. ही चूक चटकन दिसत नाही. ३५, ३०, २५, २० असे उतरत गेल्यास चौथ्या आठवड्यात पिलांना २६.७ अंशांऐवजी केवळ २० अंशांची ऊब मिळते. गारठलेली पिले एकमेकांवर गर्दी करतात व खालची गुदमरून मरतात.

नोंद वेगळी, फरक वेगळा

हा घोटाळा एका विहिरीच्या उदाहरणाने उकलतो. एक जण पाण्याची खोली जमिनीपासून फुटांत मोजतो. दुसरा ती ३ फूट उंच कठड्याच्या माथ्यापासून हातांत मोजतो. दीड फुटाचा एक हात. कार्तिकात पहिल्याची नोंद १२ फूट, तर दुसऱ्याची १० हात. चैत्रात पहिल्याची २७ फूट, तर दुसऱ्याची २० हात. नोंदी जुळविताना कठड्याची उंची हिशेबात घ्यावी लागते. पण पाणी किती उतरले? पहिला म्हणेल १५ फूट, दुसरा म्हणेल १० हात. आणि १५ फूट म्हणजे बरोबर १० हात. वजाबाकीत कठडा आपोआप निघून गेला.

उष्णतामानाचेही असेच आहे. पाणी गोठते तेथे सेल्सिअसचा ० आणि फॅरनहाइटचा ३२ असतो. हे ३२ म्हणजे कठडा होय. पाणी उकळते तेथे अनुक्रमे १०० व २१२ अंश असतात. म्हणजे तेवढ्याच अंतराचे एकीकडे १०० व दुसरीकडे १८० भाग पडले आहेत. म्हणून नियम असे :

(१) नोंद बदलताना फॅरनहाइटमधून ३२ वजा करून ५ ने गुणावे व ९ ने भागावे.

(२) फरक बदलताना ३२ वजा करू नयेत. केवळ ५ ने गुणून ९ ने भागावे. उलट सेल्सिअसचा फरक फॅरनहाइटमध्ये आणण्यास ९ ने गुणून ५ ने भागावे.

यावरून दर आठवड्यास उतरवावयाचे ५ अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे २.८ अंश सेल्सिअस ठरतात. यांत्रिकी पुस्तकांत केल्व्हिन हे माप आढळते. त्याचा अंश सेल्सिअसएवढाच असल्याने फरकाचा आकडा तोच राहतो.

यंत्रसामग्री निवडताना

दुधाची भांडी धुण्यासाठी २०० लिटर पाणी एका तासात ७७ अंशांवरून १४९ अंश फॅरनहाइटपर्यंत तापवावयाचे आहे, असे समजा. फरक ७२ अंश फॅरनहाइट, म्हणजे ४० अंश सेल्सिअस. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास सुमारे एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणून एकूण ८,००० किलोकॅलरी लागतील. विजेचे एक युनिट सुमारे ८६० किलोकॅलरींचे असते, म्हणून ९.३ युनिटे वीज हवी. वाया जाणारी उष्णता यात धरलेली नाही.

आता ७२ मधून चुकून ३२ वजा केले, तर फरक २२.२ अंश सेल्सिअस येतो व हिशेब सुमारे ५.२ युनिटांवर थांबतो. आकडा पटण्याजोगा दिसत असल्याने शंका येत नाही. त्याप्रमाणे हीटर आणल्यास तासाभराने पाणी ६५ ऐवजी जेमतेम ४७ अंश सेल्सिअसपर्यंत पोचेल. भांड्यांचा तेलकटपणा नीट निघणार नाही आणि पुढच्या खेपेचे दूध नासण्याचा संभव वाढेल.

पडताळा

सेल्सिअसचा फरक दुप्पट करून त्यातून त्याचा दहावा भाग वजा केला, की फॅरनहाइटचा फरक मिळतो : ४० चे ८०, त्यातून ८ वजा, म्हणजे ७२. शंका आल्यास दोन्ही नोंदी वेगवेगळ्या बदलून मग वजाबाकी करावी. येथे ६५ वजा २५, म्हणजे ४०, उत्तर जुळले.

ग्रामसेवकांनी जुन्या पुस्तिकेतील आकडा शेतकऱ्यास सांगण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हा आकडा नोंदीचा आहे की फरकाचा? ‘इतक्या अंशांवर ठेवा’ ही नोंद होय. ‘इतक्या अंशांनी वाढवा अथवा उतरवा’ हा फरक होय. आणि ब्रूडरखाली अखेरचा पडताळा पिलांचाच घ्यावा : ती दाटीने बसली तर ऊब कमी आहे, चोची उघडून दूर सरली तर जास्त आहे, आणि सर्वत्र मोकळी पसरली तर ऊब योग्य आहे, असे समजावे.