कॉफीची खिडकी किती उंचीवर असावी?

भिवंडीच्या माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामांची एक गोष्ट लगेच नजरेत भरते. त्यांची फरशी रस्त्याच्या पातळीला नसते, साधारण चार फूट वर असते. ट्रकचा हौदा तेवढ्याच उंचीवर असतो आणि माल वर-खाली न करता सरळ आत ढकलता यावा लागतो, म्हणून. गाडीच्या मापाने इमारत बांधणे ही भिवंडीला नवी विद्या नाही. ड्राइव्ह-थ्रू कॉफी शॉप, म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीतून कॉफी घेऊन पुढे निघायची जागा, ही त्याच विद्येची दुसरी शाखा. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा तो रस्ता भिवंडी तालुक्यात येऊन टेकला. अशा ठिकाणी अशी दुकाने येणारच. ती कोणाच्या मापाने बांधायची, हे मात्र आधी ठरवायला हवे. माझ्या मते इथे पहिले माप मोटारवाल्याचे नव्हे, मालाची गाडी चालवणाऱ्याचे घ्यावे.

असे म्हणायला या इमारतीच्या इतिहासातच आधार आहे. मॅकडोनाल्ड्सचे पहिले ड्राइव्ह-थ्रू 1975 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सिएरा व्हिस्टा या गावी सुरू झाले. शेजारी लष्करी तळ होता आणि कामाच्या गणवेशात तळाबाहेर गाडीतून उतरायला सैनिकांना मनाई होती. दुकानाने भिंत फोडून सरकती खिडकी बसवली. गिऱ्हाइकाला उतरता येत नव्हते, म्हणून ती खिडकी जन्मली. आळसाची सोय ती पुढे झाली. आपल्याकडे कळंबोलीच्या ड्राइव्ह-थ्रूला मुंबई-पुणे रस्त्यावरचे प्रवासी ओळखतात, पण मोटारीतले कुटुंब पाय मोकळे करायला एरवीही उतरतेच. भिवंडीत उतरायची खरी अडचण आहे ती भरलेल्या टेम्पोच्या चालकाची. क्लीनर सोबत नसेल तर माल सोडून तो हॉटेलात निवांत बसू शकत नाही. सिएरा व्हिस्टाच्या सैनिकाशी त्याचे नाते मोटारवाल्यापेक्षा जवळचे आहे.

आता रचनेकडे येऊ. ड्राइव्ह-थ्रूमध्ये वास्तुविशारदाला इमारतीपेक्षा थांबणे अधिक नेमकेपणाने आखावे लागते. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे खिडकी त्याच्या हाताशी यायची तर इमारत गाडीच्या उजव्या अंगाला हवी आणि गाडीने तिला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळसा घालायला हवा. अमेरिकेतला नकाशा जसाच्या तसा उचलला तर इथे तो उलटा पडतो. दुसरे माप वेळेचे. एस्प्रेसोची धार उतरायलाच पंचवीस-तीस सेकंद लागतात, मग दूध वाफवायचे, झाकण लावायचे. समजा एक कप तयार व्हायला दोन मिनिटे लागतात आणि खिडकीशी प्रत्येक गाडी चाळीस सेकंद थांबते. मग मागणी सांगायचा फलक आणि कॉफी घ्यायची खिडकी यांच्यात तीन गाड्यांची जागा हवी. एका गाडीला पुढच्या-मागच्या फटीसह सहा मीटर धरले, तर हे अंतर अठरा मीटर होते. ते कमी ठेवले की गाडी खिडकीशी पोहोचते आणि कॉफी यंत्रातच असते; मागची रांग बघता बघता महामार्गावर येते. चहाच्या टपरीला ही आखणी लागत नाही, कारण चहा किटलीत आधीच तयार असतो. त्यात पावसाळा. कोकणातला वारा नैर्ऋत्येकडून पाऊस घेऊन येतो, म्हणून खिडकी इमारतीच्या ईशान्य अंगाला, आडोशाला असावी. मागणीचा फलकही महामार्गाच्या बाजूला नको. तिथे ट्रकच्या हॉर्नमध्ये कोणाचे काही कोणाला ऐकू जाणार नाही.

खरी कसोटी उंचीची. मोटारीत बसलेल्याचा हात तीनेक फुटांवर बाहेर येतो. छोटा हत्ती म्हणून ओळखला जाणारा टेम्पोही त्याच खिडकीत बसून जातो. पण मोठ्या ट्रकच्या केबिनची काच सहा फुटांच्याही वर असते. शिवाय चाळीस फुटी कंटेनर ओढणारा ट्रेलर मोटारीसाठी आखलेल्या वळणात शिरलाच, तर तिथेच अडकेल. त्याच्यासाठी त्याच गल्लीत दुसरी, उंच खिडकी काढणे हा मार्ग मला पटत नाही. अवजड गाड्यांना आवाराच्या कडेने सरळ, न वळता बाहेर पडणारी वेगळी पट्टी द्यावी. त्या पट्टीला लागून उभ्याने घ्यायचे काउंटर असावे, आणि ते असे की कप हातात घेताना चालकाला आपली गाडी, तिचे मागचे दार, ताडपत्रीची दोरी दिसत राहील. महामार्गावरच्या ढाब्यांनी ही रचना कधीच साधली आहे. तिथली खाट ट्रककडे तोंड करून असते.

यावर कोणी म्हणेल, ट्रकवाला टपरीवरचा कटिंग सोडून महाग कॉफी कशाला घेईल? आक्षेप किमतीपुरता खरा आहे, पण खिडकीतून काय विकायचे हे खिडकी ठरवत नाही. तमिळनाडूतल्या नामक्कलचे ट्रक देशभर फिरतात, आणि त्या चालकांच्या सवयीची फिल्टर कॉफी इथे फार उपयोगी पडेल. तिचा अर्क आधीच काढून ठेवलेला असतो, गरम दूध ओतले की कप तयार. ती विकली तर अठरा मीटरची रांग निम्म्यावर येईल आणि महागड्या जमिनीत तेवढी बचत होईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चालू इंजिनांची रांग म्हणजे धूर, आणि पायी चालणाऱ्यांच्या वाटेत सतत आत-बाहेर करणाऱ्या गाड्या. मिनियापोलिस शहराने 2019 मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंना बंदीच केली. भिवंडी शहरापुरता हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. धामणकर नाका किंवा वंजारपट्टी नाक्यासारख्या ठिकाणी, जिथे यंत्रमागांचे कामगार, हातगाड्या, रिक्षा आणि शाळेची मुले एकाच रस्त्यावर असतात, तिथे असे दुकान नकोच. महामार्गावर मात्र हिशेब वेगळा आहे. तिथे चहासाठी गाड्या आजही थांबतात, आणि त्या रस्त्याच्या कडेलाच थांबतात. तीच गाडी आवारात घेतली तर धोका कमी होतो. राष्ट्रीय महामार्गावरून आवारात वाट काढायला 2002 च्या कायद्याखाली परवानगी लागते. ती देताना रांग किती गाड्यांची आणि ती कुठे उभी राहणार, एवढे नकाशावर दाखवायला लावले तरी पुष्कळ साधेल.

इमारत कशाची बांधायची याचे उत्तरही आसपास उभे आहे. जपानी वास्तुविशारद केंगो कुमा यांनी तैवानमधल्या हुआलिएन इथे 29 मालवाहू कंटेनर एकमेकांवर रचून स्टारबक्सचे ड्राइव्ह-थ्रू उभारले. ते 2018 मध्ये सुरू झाले. भिवंडीच्या रस्त्यांवर अशा पेट्या रोज फिरतात. पण लोखंडी पेटी मे महिन्यात भट्टीसारखी तापते आणि जुलैत तिच्यावरच्या पावसाच्या माऱ्यात आतले बोलणे ऐकू येत नाही. म्हणून पेट्यांच्या वर, मध्ये वारा खेळेल एवढी फट सोडून, वेगळे उतरते छप्पर हवे. तेच पुढे वाढवले की काउंटरपाशी उभ्या चालकाच्या डोक्यावर येईल, आणि त्याच छपराखाली एक नळ आणि चालकांसाठी, बायांसाठीही, कुलूप नसलेले स्वच्छतागृह सहज बसेल.