तारीख घातलेली पावती

खोदकाम चालू असलेल्या नाल्यात मधेच मातीचा एक खुंट तसाच उभा ठेवलेला असतो. चहूबाजूंनी खणून झालं तरी त्याला कुणी कुदळ लावत नाही. नवख्याला वाटतं, काम अर्धवट सोडलंय. पण खोली मोजायची ती त्या खुंटावरूनच. अभियंता आला की माथ्यापासून तळापर्यंत टेप धरणार, आकडा मोजमाप वहीत चढणार आणि त्यावर गटाची मजुरी ठरणार. मोजमाप कमी भरलं तर दिवसभर राबूनही पूर्ण दर हातात पडत नाही. म्हणून गटातल्या बाया शेळ्यांनाही खुंटाजवळ फिरकू देत नाहीत.

हे मी पाहिलं ते मे 2025 मध्ये, कोहिनूर होबळीतल्या (म्हणजे महसूल मंडळातल्या) एका पंचायतीच्या कामावर. कोहिनूर बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातलं. कलबुर्गी जिल्हाही लांब नाही, महाराष्ट्राची हद्दही नाही. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि भांडण रंगलं की दोन्हींत थोडी उर्दू. रोजगार हमीला इथं ‘उद्योग खात्री’ म्हणतात, गटाची हजेरी ठेवणाऱ्याला ‘कायक बंधू’. नाव कर्नाटकभर तेच. श्रमाला ‘कायक’ म्हणणाऱ्या बसवण्णांच्या कल्याणपासून इतक्या जवळ ते जरा जास्त शोभतं, इतकंच. आमच्या कामावर हे कायक बंधू म्हणजे पस्तिशीतल्या एक अक्का होत्या.

कामगार कायद्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो, मालक येतो, त्याचा वकील येतो. पण अशा गावात सर्वांत जास्त माणसं एकाच वेळी कामाला लावतं कोण? ग्रामपंचायत. आपण मालक आहोत हे मात्र तिला स्वतःलाच पटत नाही. तिच्या लेखी ती ‘योजना राबवते’. त्या वेळी लागू असलेला 2005 चा रोजगार हमी कायदा असं समजत नव्हता. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम, एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवस, 5 किलोमीटरपलीकडे पाठवलं तर 10 टक्के जादा मजुरी, ठेकेदाराला बंदी. कामावर पाणी, सावली, प्रथमोपचाराची पेटी. सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आईबरोबर आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची.

त्या दिवशी मुलं चार होती. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, “पाचवं माझ्या बहिणीचं. ते आज मामाकडं गेलंय.” म्हणजे त्या दिवशी कायद्याने कुणाला नेमायची गरज नव्हती आणि चौघं बाभळीखाली आपापसात माती उडवत होती. सावली म्हणजे तीच बाभळ. तिला कागदावर ‘सोय’ म्हणता येईल का, हे कुणा वकिलालाच विचारावं लागेल.

हजेरी मोबाइलवर. 1 जानेवारी 2023 पासून, वैयक्तिक लाभाची कामं सोडून, सगळ्या कामांवर तशी सक्ती झाली. दिवसातून दोनदा फोटो, ठिकाणासकट. रेंज नसली की अक्का फोन डोक्यावर धरून बांधावर चढतात, बाया खाली रांगेत ताटकळतात आणि खोदकाम तेवढा वेळ थांबतं. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की लोक फोटोचाच फोटो काढून चढवताहेत. एवढा पहारा मजूर आला की नाही यावर. त्याने काम मागितलं कधी, यावर मात्र कॅमेरा नाही.

आणि कायद्याची सगळी मदार तिथंच आहे. दुपारी पंचायतीत बसलो असताना एक मावशी आल्या. “काम पायजे. लिवून घ्या.” टेबलावरचा मुलगा सभ्यपणे म्हणाला, “सोमवारी बघा मावशी, मस्टर निघालं की निरोप देतो.” मावशी निघाल्या. मागणी तोंडी असली तरी चालते, ती नोंदवून तारीख घातलेली पावती देणं बंधनकारक आहे. पावती नाही, म्हणजे 15 दिवसांची मोजणी सुरूच झाली नाही. पुढे मस्टर निघतं, मागणीची तारीख त्याला जुळवून भरली जाते आणि कागदोपत्री कुणीही वाट पाहिलेली नसते. ही तऱ्हा याच पंचायतीची नाही, देशभर ठिकठिकाणी हेच चालतं. गंमत अशी की त्याच टेबलावर घरपट्टीचं पावतीपुस्तक होतं, अनुक्रमांक छापलेलं, कार्बनसकट. घ्यायचं असतं तिथं पंचायत पावती चुकवत नाही.

पावती मिळाली आणि 15 दिवसांत काम मिळालं नाही, तर बेरोजगार भत्ता. पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा. 2025-26 मध्ये कर्नाटकाचा दर 370 रुपये, म्हणजे दिवसाला साडेब्याण्णव. मजुरी थकली तर मस्टर बंद झाल्याच्या सोळाव्या दिवसानंतर रोज 0.05 टक्के भरपाई. सहा दिवसांच्या 2,220 रुपयांवर ती होते रोजची 1 रुपया 11 पैसे. रक्कम हास्यास्पद आहे, पण भरपाई द्यावी लागली की उशीर कुणामुळे झाला हे लिहावं लागतं. 2018 मध्ये स्वराज अभियानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राकडून होणारा उशीरही त्यात धरला, तो निकाल यासाठीच महत्त्वाचा.

पंचायत विकास अधिकारी, म्हणजे पीडीओ मॅडम, स्पष्ट बोलणाऱ्या. “पावती दिली आणि काम निघालं नाही, तर अडकणार मीच ना?” मला उलट वाटतं. भत्ता पंचायतीच्या तिजोरीतून जात नाही, तो राज्य सरकारने द्यायचा. आणि तांत्रिक मंजुरी तालुक्याला अडली असेल तर मागणी वेळेवर घेतल्याचा पंचायतीकडचा पुरावा ही पावतीच. ती नसली की सगळ्यांचा उशीर मॅडमच्या नावावर. कुठल्याही मालकाला त्याचा वकील पहिल्या दिवशी हेच सांगतो: कागद ठेवा. पंचायतीला सांगणारं कुणी नसतं. अर्थात, मंजूर कामं आधीच हाताशी नसतील तर निव्वळ पावतीने पोट भरत नाही, हा त्यांचा मुद्दाही खोटा नव्हता.

रोजगार हमीची मूळ कल्पना सीमेपलीकडची. वि. स. पागे यांनी ती 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला करून पाहिली, 1972 च्या दुष्काळाने राज्यभर नेली, 1977 मध्ये महाराष्ट्राने कायदा केला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला व्यवसाय कर त्याला पुरवला. 2025-26 मध्ये त्याच महाराष्ट्राचा दर 312 रुपये होता, कर्नाटकापेक्षा 58 ने कमी. कोहिनूरकडच्या बाया हे सीमेपलीकडच्या उमरग्याच्या सोयऱ्यांना आवर्जून सांगायच्या.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला: 125 दिवस, आणि शेतीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत कामं बंद ठेवण्याची मुभा. सोयाबीनच्या काढणीला मजूर मिळत नाही म्हणणारे मोठे शेतकरी त्यावर खूश होतील. हंगामाच्या तोंडावर काम मागायला आलेल्या मावशींना मात्र आपण नेमक्या कोणत्या तारखेला आलो होतो, हे दाखवणारा कागद आता जास्तच लागेल.

मॅडमनी त्या दुपारी एवढं केलं, की घरपट्टीच्या नमुन्यावरच मागणीचं एक पुस्तक छापायला टाकायचं ठरवलं. कन्नडखाली एक ओळ मराठीत घालायची का, यावर बाकावर बसलेल्या दोन सदस्यांची तिथंच जुंपली.