मोरीची फरशी हलते आहे?

फैजपूर-यावलकडची जमीन काळी. केळीला मानवते, घराच्या पायाला नाही. पाणी मुरले की फुगते, वाळली की आकसते. म्हणून मोरीतली शहाबादी फरशी आधी सांध्यात उघडते, मग पायाखाली डुगडुगते. भगिनींनो, अशा वेळी आपण प्लॅस्टिकचा गालिचा आणून वर पसरतो. फुटके झाकले जाते, पण खाली पाणी कोंडते, शेवाळ धरते आणि पहाटेच्या अंधारात म्हातारीचा पाय तिथेच घसरतो.

गालिचा काढा. आधी नळाची, निचऱ्याची गळती थांबवा, नाहीतर मजुरी वाया. हलणारी फरशी पहारीने अलगद उचलून धुऊन ठेवा. फुटली नसेल तर तीच पुन्हा बसते. खालची ओली माती वीतभर काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने ठोका. त्यावर एक घमेले सिमेंटला चार घमेली वाळू. हातभर लांबीला सेंटिमीटरभर उतार, जाळीकडे. सांधे सिमेंटच्या घट्ट लगद्याने भरा. आठवडाभर ओले पोते टाकून ठेवा. तेवढे दिवस आंघोळीची अडचण बायकांचीच होते, तेव्हा शेजारणीला आधीच विचारून ठेवा.

आणि ॲसिड! चकचकीत दिसावे म्हणून ते ओतू नका. शहाबादी दगड चुनखडीचा. ॲसिड त्याला खाते, सांध्यातले सिमेंटही खाते. धुण्याचा सोडा आणि काथ्या पुरतो.