विहिरीची नोंद चावडीच्या भिंतीवर

१२ एप्रिल २०१६ रोजी लातूरच्या रेल्वे स्थानकात पाण्याने भरलेली आगगाडी आली. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. आधीच्या दोन्ही वर्षी पाऊस कमी झाला होता आणि शहराला पाणी पुरवणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. धरण आटले की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. जमिनीखालचे पाणी तसे दिसत नाही. ते मोजावे लागते, आणि मोजलेले सांगावेही लागते. आपल्याकडे अडते ते बहुधा या सांगण्यापाशी.

लातूर परिसराच्या पोटात बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांत. अशा थरातून निथळून हाती येणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच असते. आपण २ टक्के धरू. म्हणजे विहिरीची पातळी १ मीटरने उतरली, की शिवारभर पसरलेला फक्त २ सेंटिमीटर पाण्याचा थर गेला. शिवार ५०० हेक्टरांचे असेल तर हे पाणी भरते १ लाख घनमीटर, म्हणजे १० कोटी लिटर.

आकडा मोठा वाटतो ना? आता उसाकडे पाहू. पाटाने पाणी दिलेल्या उसाला वर्षाला सुमारे २ मीटर पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २० हजार घनमीटर. भागाकार वर्गात विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. उत्तर येते ५ हेक्टर! ५०० हेक्टर शिवारातले एक मीटर पाणी पाच हेक्टर ऊस पिऊन टाकतो. (शेतात दिलेले काही पाणी परत मुरते हे खरे, पण म्हणून चित्र पालटत नाही.) हरभऱ्याला याच्या मानाने फारच थोडे पाणी पुरते.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून, पावसाची तूट पाहून, टंचाईचा अंदाज बांधला जातो. लातूर जिल्ह्यात अशा विहिरी शंभराच्या आसपास आहेत आणि गावे नऊशेहून अधिक. म्हणजे साधारण नऊ गावांमागे एक विहीर. टँकरची तजवीज करणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना एवढे चित्र पुरते. पण विहिरीच्या काठावर उभे राहून हरभरा पेरावा की ऊस ठेवावा हे ठरवणाऱ्याला त्याच्या गावचा आकडा हवा असतो.

तो आकडा गावातच असतो, पण प्रत्येकाच्या मनात वेगवेगळा. आपल्या विहिरीला किती पाणी आहे हे सांगायला कोणी उत्सुक नसतो. सांगितले तर शेजारी मागेल, किंवा टँकर नाकारला जाईल. ही भीती खोटी नाही. मात्र शेजाऱ्याची विहीर आणि आपली विहीर एकाच भेगांतून पाणी ओढतात, तेव्हा लपवलेले पाणी शेजाऱ्याच्या मोटारीने जातेच.

आंध्र प्रदेशात (काही भाग आता तेलंगणात आहे) २००० नंतरच्या दशकात सात जिल्ह्यांमध्ये यावर एक उपाय करून पाहिला गेला. तिथेही खडक कठीणच. शेतकऱ्यांनी दर पंधरवड्याला विहिरी मोजल्या, रोजचा पाऊस टिपला आणि आकडे गावातल्या फलकावर रंगवले. रब्बीच्या आधी सगळ्यांसमोर पाण्याचा ताळेबंद मांडला जाई. पीक बदलण्याची सक्ती कोणावरही नव्हती, तरी अनेकांनी जास्त पाण्याची पिके कमी केली. २०२० पासून राबवल्या गेलेल्या अटल भूजल योजनेत लातूर जिल्हाही होता. तिच्यात भूजलाची माहिती लोकांसमोर खुली करणे ही राज्यांना निधी मिळण्याच्या कसोट्यांपैकी एक होती.

शाळेला हे काम जमण्यासारखे आहे. टेप आणि वजन बांधलेली दोरी पुरते. मोजणी पहाटे, मोटार सुरू होण्यापूर्वी करावी, नाहीतर उपसलेल्या विहिरीची खोटी पातळी हाती येते. कठड्यावर एक खूण करून दर वेळी तिथूनच मोजावे आणि कठड्याची उंची वजा करावी. बोअरवेलची नोंद वेगळी ठेवावी, कारण ती खालच्या थराचे पाणी सांगते. विद्यार्थ्यांबरोबर मोठे माणूस हवेच.

फलकावर मालकाचे नाव न लिहिता विहिरीला क्रमांक द्यावा, म्हणजे आकडा सांगायला लोक कमी बिचकतात. पहिली नोंद ऑक्टोबरात, रब्बीची पेरणी उरकण्याच्या आत लागली पाहिजे. जानेवारीत लावलेला फलक त्या वर्षीच्या पिकाला उपयोगी पडत नाही.