वारा विकत घेताना

दिवाळीच्या खरेदीला गुलमंडीवर जावे आणि ठरवलेली तेवढीच वस्तू घेऊन परतावे, हे भल्याभल्यांना साधत नाही. परवा आम्ही आईसाठी पंखा आणायला म्हणून निघालो. दुकानदाराने तीन हजारांचा पंखा पुढे केला, शेजारी हवा शुद्ध करणारे एक पांढरेशुभ्र यंत्र ठेवले आणि म्हणाला, "सर, आईंना दमा आहे ना? मग नुसता वारा देऊन काय उपयोग? चांगली हवा द्या!" वाक्य असे बिनतोड की हात आपोआप खिशाकडे गेला. पण हिशेब मांडल्यावाचून तो बाहेर येईना.

प्रथम पंखा. पंखा खोली थंड करीत नाही. अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून आपल्याला गार वाटते. हे काम दीड हजारांचा साधा पंखाही करतो. फरक आहे तो पोटातल्या मोटारीत. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो. 'बीएलडीसी' नावाची नवी मोटार सुमारे ३० वॅटमध्ये जवळजवळ तेवढाच वारा देते. रोज १२ तास आणि वर्षाचे २४० दिवस पंखा चालला, तर सुमारे १३० युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरले तरी वर्षाला हजार रुपये झाले! किमतीतला फरक दीड वर्षात फिटला. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे आहे. ते अवश्य पाहावे. सोनेरी पाती आणि रंगीत दिवे यांचे पैसे मात्र परत येत नाहीत. शिवाय आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी बिघडली, तर कोपऱ्यावरच्या वाइंडिंगवाल्याच्या हातून ती दुरुस्त होईलच असे नाही. म्हणून हमी किती वर्षांची, हे आधी विचारावे.

आता ते यंत्र. आपले शहर २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, तेव्हा गरज खोटी नव्हे. यंत्रातली 'हेपा' जाळी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. आपला केस त्याच्या शेकडो पट जाड असतो! पण 'हेपासारखी' असे छापलेले दिसले की सावध व्हावे. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळायची, तर यंत्राने ताशी १७० घनमीटर शुद्ध हवा दिली पाहिजे. जाळी ठरावीक काळाने बदलावी लागते. तो खर्च वेगळा. आणि मुख्य म्हणजे दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. उघड्या घरात ते चालवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे!

घरी येऊन आईला हे सारे सांगितले. ती म्हणाली, "दिवाळीत दार लावून बसायचं, तर लक्ष्मी यायची कुठून?"

शेवटी पंखा घेतला तो चांगल्या मोटारीचा, बिननक्षीचा. यंत्र दिवाणखान्यासाठी घेतले नाही. फक्त आईच्या झोपण्याच्या खोलीच्या मापाचे आणले. रात्री दार लावून ते चालवायचे, दिवसा घर मोकळे. घरात कोणाला श्वासाचा त्रास नसता, तर तेही आणले नसते. ते औषधाची जागा घेत नाही, हे डॉक्टरांनी बजावलेच आहे.

बिनपैशाचा उपाय मात्र नातवंडांनी केला. यंदा आजीच्या खिडकीखाली एकही फटाका लावायचा नाही, असे त्यांनी आपणहून ठरवले आहे.