उद्याविषयीचा विश्वास

देशाच्या आर्थिक स्थितीचा विचार करू लागताच राष्ट्रीय उत्पन्न, पिकांचे उत्पादन, भावपातळी, रोजगार यांची आकडेवारी डोळ्यांपुढे येते. या आकड्यांच्या जोडीला गेल्या सुमारे आठ दशकांत आणखी एक माप रूढ झाले आहे. येणारे दिवस आजच्यापेक्षा बरे असतील असे लोकांना वाटते काय, हे लोकांनाच विचारून ते माप घेतले जाते. शेतकरी विहिरीसाठी कर्ज काढतो, कारागीर नवे यंत्र घेतो, आई-वडील पोटाला चिमटा घेऊन मुलीला तालुक्याच्या गावी शिकावयास ठेवतात. या प्रत्येक निर्णयामागे भविष्याविषयीचा काही एक अंदाज असतो. असे लक्षावधी अंदाज एकत्र आले म्हणजे ती अर्थव्यवस्थेतील एक शक्तीच ठरते.

श्रीमंत देशांतील लोक आशावादी आणि गरीब देशांतील लोक निराश असतील, असा सर्वसाधारण समज असतो. देशोदेशींच्या पाहण्यांतून दिसणारे चित्र मात्र वेगळे आहे. ते समजून घेणे प्रशासनाच्या आणि लोकशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

मोजमापाचा प्रारंभ

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले तेव्हा अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकासारखी मंदी पुन्हा येईल, अशी भीती अनेक अर्थतज्ज्ञांना वाटत होती. युद्धसामग्रीचे कारखाने थांबणार आणि सैनिक घरी परतणार, तेव्हा मागणी कोठून यावी, असा त्यांचा प्रश्न होता. मूळचे हंगेरीचे असलेले मानसशास्त्रज्ञ जॉर्ज कटोना यांनी हाच प्रश्न कुटुंबांपुढे ठेवला. लोकांना भविष्याविषयी भरवसा असून घरे, मोटारी व गृहोपयोगी वस्तू घेण्याचा त्यांचा विचार आहे, असे त्यांच्या पाहणीत आढळले. पुढे घडलेही तसेच; भाकीत केलेली महामंदी आली नाही.

कटोना यांच्या कामातून मिशिगन विद्यापीठात १९४६ साली सुरू झालेली ही पाहणी आजतागायत चालू आहे. ग्राहकाची खर्च करण्याची क्षमता त्याच्या उत्पन्नावर अवलंबून असते, परंतु खर्च करण्याची इच्छा त्याच्या मनातील विश्वासावर अवलंबून असते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. मिशिगनच्या निर्देशांकात १९६६ हे वर्ष १०० धरण्यात आले आहे. महागाईचा भडका उडाला असताना जून २०२२ मध्ये हा निर्देशांक ५० पर्यंत खाली आला. तोपर्यंतच्या नोंदींतील तो नीचांक होता. त्या वेळी अमेरिकेत बेकारी अत्यल्प होती, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रोजगार असला तरी रोजच्या खरेदीतील भाववाढ विश्वास खचवू शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

शिडीच्या पायऱ्या

अनेक देशांची तुलना करण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत निरक्षर माणसासही समजेल अशी होती. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या असलेल्या शिडीचे चित्र दाखवावयाचे. सर्वांत वरची पायरी म्हणजे त्या व्यक्तीच्या कल्पनेतील उत्तम जीवन आणि तळ म्हणजे वाईटात वाईट जीवन. आज आपण कोणत्या पायरीवर आहोत, पाच वर्षांपूर्वी कोठे होतो आणि पाच वर्षांनी कोठे असू, हे तिने सांगावयाचे.

वर्तमानाविषयी अमेरिकेची सरासरी ६.६ आली, तर भारताची ३.७. येथपर्यंत निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच होते. परंतु भविष्याची पायरी पाहता चित्र पालटले. डोमिनिकन प्रजासत्ताकाची वर्तमानाची सरासरी केवळ १.६ होती, म्हणजे लोक जवळजवळ तळाशीच होते. तरीही पाच वर्षांनी आपण सहाव्या पायरीच्या आसपास पोहोचू, असे त्यांचे म्हणणे होते. तीन दशके सत्ता गाजविणाऱ्या त्रुहियो या हुकूमशहाचा अंत १९६१ साली झाला होता आणि देशात नव्या दिवसांची चाहूल होती. १९६० साली स्वतंत्र झालेल्या नायजेरियातील लोकांनी आज आपण ४.८ वर आहोत असे सांगितले. भविष्याची त्यांची अपेक्षा मात्र सातव्या पायरीच्याही वर होती.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. आशा ही माणूस किती उंचीवर उभा आहे यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे, यावर अधिक अवलंबून असते.

सुबत्तेतील चिंता

याच नियमाची दुसरी बाजू आज संपन्न देशांत दिसते. आजची मुले मोठी होतील तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती आई-वडिलांपेक्षा चांगली असेल की वाईट, असा प्रश्न अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्र अनेक देशांत विचारीत असते. २०२२ साली मुख्यतः प्रगत अशा १९ देशांत झालेल्या पाहणीत ‘वाईट’ असे उत्तर देणाऱ्यांचे मध्यवर्ती प्रमाण ७० टक्के होते. जपानमध्ये ते ८२ टक्के आढळले.

जपान हा दरिद्री देश नव्हे. दीर्घ आयुर्मान, उत्तम शाळा आणि वक्तशीर रेल्वे यांसाठी तो ओळखला जातो. मग ही निराशा कशाची? महायुद्धानंतरच्या पिढीने उद्ध्वस्त शहरांतून पोलाद, जहाजे व मोटारींचे उद्योग उभे राहताना पाहिले. १९६० नंतरच्या दशकात तेथील अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी सुमारे १० टक्क्यांनी वाढत होती. डिसेंबर १९८९ मध्ये टोकिओच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला आणि नंतर कोसळला. तीच उंची पुन्हा गाठण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. मधल्या काळात वेतने जवळजवळ गोठलेली राहिली आणि लोकसंख्येत वृद्धांचे प्रमाण वाढत गेले. अशा घरातील मुलास सुखसोयी मिळाल्या, परंतु घराची चढती स्थिती त्याने पाहिली नाही.

बोगद्याचा दृष्टान्त

आशा टिकते केव्हा आणि मावळते केव्हा, याचे मार्मिक विवेचन अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७३ साली केले. एका बोगद्यात एकाच दिशेने जाणाऱ्या वाहनांच्या दोन रांगा खोळंबल्या आहेत. थोड्या वेळाने शेजारची रांग हलू लागते. आपले वाहन जागच्या जागीच असते, तरीही चालकास हायसे वाटते. पुढची अडचण दूर झाली असेल, आता आपलीही पाळी येईल, असे तो मानतो. परंतु शेजारची रांगच पुढे जात राहिली आणि आपली हललीच नाही, तर त्याच चालकाच्या मनात संशय येतो आणि संशयाचे रूपांतर संतापात होते.

विकासाच्या प्रारंभी काहींची भरभराट होते तेव्हा इतर लोक ती सहन करतात, नव्हे, तिच्यात आपल्या उद्याची खूण पाहतात. हिर्शमन यांच्या मते ही सहनशीलता म्हणजे समाजाने राज्यकर्त्यांना दिलेली मुदत होय. ती मुदत संपण्यापूर्वी कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही, कारण वरवर पाहता परिस्थितीत काहीच बदललेले नसते. शेजारच्या रांगेतील लोक आपल्यापैकी नाहीत, अशी भावना जेथे बळावते तेथे ही मुदत अधिकच अल्प ठरते. ज्या नायजेरियाने १९६० नंतर एवढी उंच पायरी कल्पिली होती, तेथेच १९६७ साली यादवी युद्ध पेटले. त्यामागे अनेक राजकीय व वांशिक कारणे होती. परंतु उच्च आशा म्हणजे स्थैर्याची हमी नव्हे, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

भारतातील पाहण्या

मुंबईस मुख्यालय असलेली भारतीय रिझर्व्ह बँक २०१० पासून ग्राहकांच्या विश्वासाची पाहणी करीत आली आहे. मुंबई व नागपूर यांसह देशातील प्रमुख शहरांतील कुटुंबांना सर्वसाधारण आर्थिक स्थिती, रोजगार, भाव, उत्पन्न व खर्च यांविषयी प्रश्न विचारले जातात. त्यावरून दोन निर्देशांक काढले जातात. एक वर्षापूर्वीच्या तुलनेत आजची स्थिती कशी वाटते हे पहिला दाखवितो आणि येत्या वर्षाविषयीची अपेक्षा दुसरा दाखवितो. १०० च्या वर आशावादी अधिक, तर १०० च्या खाली निराशावादी अधिक, असा त्याचा अर्थ आहे.

कोविड महामारीच्या काळात या दोन आकड्यांतील अंतर बोलके ठरले. सप्टेंबर २०२० मध्ये वर्तमानाचा निर्देशांक ५० च्याही खाली गेला होता, पण भविष्याचा निर्देशांक १०० च्या वरच होता. हे संकट सरेल, असा लोकांचा भरवसा होता. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या वेळी, वर्तमानाचा निर्देशांक ४८.५ वर आला आणि भविष्याचा निर्देशांकही १०० च्या खाली उतरला. वर्तमानाच्या आकड्यात फरक किरकोळ होता. लोकांनी दिलेली मुदत मात्र आखडली होती. शहरांपुरत्या पाहण्यांतून खेड्यांचे मन कळत नाही, ही उणीव भरून काढण्यासाठी नाबार्डने सप्टेंबर २०२४ पासून ग्रामीण कुटुंबांची अशी पाहणी दर दोन महिन्यांनी सुरू केली आहे.

आकडे वाचताना

असे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पहिली, प्रश्न कोणाला विचारला गेला. इंटरनेटवरून होणाऱ्या कित्येक आंतरराष्ट्रीय पाहण्यांत भारताच्या नावे उत्तरे देणारे लोक बहुतांशी शहरी व सुशिक्षित असतात. भूमिहीन मजुराचे मत त्यांत येत नाही. दुसरी, प्रश्न कोणाविषयी होता. स्वतःच्या घराविषयी आशावादी असलेला माणूस देशाविषयी निराश असू शकतो. घर त्याने पाहिलेले असते, देशाविषयी त्याने ऐकलेले असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आशा म्हणजे समाधान नव्हे. लोक उद्याविषयी आशावादी आहेत याचा अर्थ ते आजच्या स्थितीवर संतुष्ट आहेत असा घेतल्यास मोठी चूक होते.

ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो तेव्हा रस्ते, गटारे व दिवे यांची यादी वाचली जाते. त्याच सभेत पाच वर्षांपूर्वी, आज आणि पाच वर्षांनी असे शिडीचे तीन प्रश्न विचारणे कोणासही अशक्य नाही. शिक्षक त्यासाठी फळ्यावर शिडी काढून देऊ शकतील. वरच्या आळीची उत्तरे आणि वस्तीवरची उत्तरे वेगवेगळी मांडली, तर गावातील कोणती रांग हलते आहे आणि कोणती खोळंबली आहे, हे सर्वांसमोर येईल. खोळंबलेल्या रांगेतील माणसे अजून वरच्या पायरीकडे बोट दाखवीत असतील, तर त्यांनी दिलेली मुदत संपलेली नाही. काम तेवढ्या अवधीतच व्हावयास हवे.